शेवटच्या पाच किलो पावडरची चौकशी

१५ मार्च २०२४ रोजी माझ्या नावावर उघडलेली एक फाइल नोव्हेंबरच्या अखेरीस शेवटची सही होऊन रेकॉर्ड रूममध्ये गेली. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या औषध कारखान्यात मी टेक्नॉलॉजी ट्रान्सफर, म्हणजे औषधाचे उत्पादन नव्या जागी बसवून देणाऱ्या, विभागात काम करते. ही फाइल अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम या रक्तदाबाच्या गोळीच्या एका बॅचची होती. त्या बॅचमधील बहुतेक गोळ्या बरोबर होत्या आणि अगदी शेवटी निघालेल्या गोळ्यांमध्ये औषध जास्त भरले होते. असे घडले की पावडरचे पृथक्करण झाले, म्हणजे मिसळलेले घटक पुन्हा वेगळे झाले, असे पुस्तकात लिहिलेले असते. मात्र त्यानंतर कारखान्यात कोणत्या क्रमाने काय करावे लागते, किती दिवस थांबावे लागते आणि आपण कुठे चुकतो, हे मला तेव्हा कुठेही वाचायला मिळाले नाही. म्हणून तारखांसह लिहून ठेवते आहे.

आमची गोळी दोनशे मिलिग्रॅम वजनाची आहे. पाच मिलिग्रॅम अॅम्लोडिपिन मिळण्यासाठी तिच्यात ६.९४ मिलिग्रॅम अॅम्लोडिपिन बेसिलेट घालावे लागते, म्हणजे औषधाचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आतच राहते. बाकीचा भाग मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, डायकॅल्शियम फॉस्फेट, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट आणि शेवटी घालायचे मॅग्नेशियम स्टिअरेट यांचा असतो. दाणे बांधण्याची पायरी यात नाही. सगळे चाळायचे, मिसळायचे आणि थेट दाबून गोळी करायची, अशी ही डायरेक्ट कॉम्प्रेशनची पद्धत आहे. जुन्या विभागात ही गोळी कित्येक वर्षे कुठलीही तक्रार न होता निघत होती. तिथे ऑपरेटर पिशवीतून स्टीलच्या स्कूपने थोडी थोडी पावडर मशीनच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या नरसाळ्यात, टाकत असे, आणि अर्थातच खोलीभर धूळ उडत असे.

डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एमची, म्हणजे औषध उत्पादनाच्या नियमांची, अधिसूचना निघाली तेव्हा आमच्या नव्या विभागाचे बांधकाम संपत आले होते. या विभागाची रचना उभी आहे. ज्या बिनमध्ये पावडर मिसळली जाते तोच बिन लिफ्टने वरच्या मजल्यावर नेतात, तिथे जमिनीतील तोंडावर बसवतात, आणि पावडर १५० मिलिमीटर व्यासाच्या, ३.२ मीटर लांबीच्या स्टीलच्या नळीतून खालच्या मजल्यावरील मशीनच्या हॉपरमध्ये उतरते. माणसाचा हात लागत नाही आणि धूळही उडत नाही. तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ही खोली सर्वांत आधी दाखवत असू.

नव्या विभागातील पहिली व्हॅलिडेशन बॅच, म्हणजे पद्धत सिद्ध करण्यासाठीची बॅच, ११ मार्चला मिसळली. शंभर किलो, म्हणजे पाच लाख गोळ्या. बिन ३२० लिटरचा असून तो साधारण साठ टक्के भरला होता. औषध आधी थोड्या सेल्युलोजबरोबर चाळून घेतले, मग टप्प्याटप्प्याने प्रमाण वाढवत नेले, पंधरा मिनिटे मिसळले आणि शेवटची तीन मिनिटे मॅग्नेशियम स्टिअरेटबरोबर फिरवले. बिनमधील दहा जागांवरून नमुने घेतले. निकाल अपेक्षित औषधाच्या ९७.८ ते १०१.९ टक्क्यांच्या दरम्यान आले आणि आरएसडी, म्हणजे निकालांमधील विखुरण, १.३ टक्के आली. इतका चांगला निकाल पाहून मी त्या रात्री शांत झोपले. दुसऱ्या दिवशी पस्तीस स्टेशनच्या, म्हणजे एका फेरीत पस्तीस गोळ्या दाबणाऱ्या, मशीनवर तीस आरपीएमने गोळ्या काढल्या. ताशी ६३ हजार या वेगाने आठ तासांत बॅच संपली. ठरल्याप्रमाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वीस ठिकाणांहून नमुने काढून ठेवले आणि प्रत्येक ठिकाणच्या तीन गोळ्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या.

वीस ठिकाणांची ही पद्धत आमच्याकडे जुन्या प्रोटोकॉलमधून आली आहे. तिचा मूळ आराखडा अमेरिकेच्या एफडीएने २००३ साली काढलेल्या एका मसुद्यातला आहे. तो मसुदा त्यांनी २०१३ मध्ये मागे घेतला, पण बॅचच्या लांबीवर ठरावीक अंतराने नमुने घेण्याची सवय उद्योगात टिकून राहिली, आणि आमच्या बाबतीत तिनेच सगळे उघड केले.

१५ मार्चला दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. पहिल्या सतरा ठिकाणांची सरासरी ९६ ते १०१ टक्क्यांच्या आसपास होती. अठराव्या ठिकाणी ती १०४.१, एकोणिसाव्या ठिकाणी १०८.७ आणि विसाव्या ठिकाणच्या तीन गोळ्या ११३.४, ११६.२ आणि ११८.९. प्रत्येक ठिकाणची सरासरी ९० ते ११० टक्क्यांच्या आत असावी अशी आमची अट होती. विसाव्या ठिकाणची सरासरी ११६.२ भरली. निकाल मर्यादेबाहेर, म्हणजे ओओएस.

इथे पहिली धोक्याची जागा येते. संपूर्ण बॅचमधून सरमिसळ करून घेतलेल्या दहा गोळ्यांची एकरूपता चाचणी त्याच दिवशी झाली होती आणि तिचे अॅक्सेप्टन्स व्हॅल्यू (जितके कमी तितक्या गोळ्या एकसारख्या) ९.६ आले होते. मर्यादा १५ असल्यामुळे बॅच त्या कसोटीवर व्यवस्थित उत्तीर्ण होत होती. साहजिकच बैठकीत कोणीतरी म्हणाले की अंतिम चाचणी पास आहे, तर एवढा गाजावाजा कशासाठी. क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या प्रमुख मॅडमनी दिलेले उत्तर मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे : ‘शेवटच्या मिनिटाला निघालेल्या गोळ्या एकाच स्ट्रिपमध्ये जातात. दहापैकी एक गोळी जास्त भरलेली असणे वेगळे आणि एकाच आजोबांना सलग दहा दिवस जास्त भरलेली गोळी मिळणे वेगळे.’ त्यानंतर तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

ओओएसचा पहिला टप्पा प्रयोगशाळेचा असतो आणि त्या काळात उत्पादन विभागाने काहीही करायचे नसते. हे थांबणे फार जड जाते. विश्लेषकाने वजने, मानक द्रावण, सोनिकेशनची (ध्वनिलहरींनी औषध विरघळवण्याची) वेळ, आकडेमोड सगळे तपासले. जपून ठेवलेली द्रावणे पुन्हा एचपीएलसी या औषध मोजण्याच्या यंत्रावर चालवली. चूक सापडली नाही. २२ मार्चला प्रयोगशाळेने हात वर केले आणि चेंडू आमच्याकडे आला. त्या आठवड्यात मी एक उपयोगी गोष्ट केली होती, ती सांगते. ज्या गोळ्यांचे निकाल जास्त आले त्यांची वजने मागवून घेतली. ती १९८.९ ते २०१.७ मिलिग्रॅमच्या दरम्यान होती. म्हणजे गोळ्या जड झाल्या नव्हत्या, त्यांच्यातील मिश्रण बदलले होते. पावडर नीट वाहिली नाही तर आधी वजन हलते. वजन स्थिर आणि औषध मात्र जास्त, असे दिसले की शोध वाहण्याकडून वेगळे होण्याकडे वळवावा. ही एक नोंद आधी पाहिली तर पुढचा बराच वेळ वाचतो. आमचा मात्र वाचला नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, डेव्हिएशनची, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळे का घडले याच्या चौकशीची, बैठक झाली. फळ्यावर संभाव्य कारणे मांडणारी माशाच्या सांगाड्याची आकृती काढली गेली आणि सगळी बोटे मिसळण्याकडे वळली. मिश्रण कमी पडले असेल, वेळ वाढवा, असे ज्येष्ठांचे मत पडले. बिनमधील दहाही नमुने उत्तम होते हे मी सांगितले. त्यावर नमुना घेण्याची नळी पावडरमध्ये खुपसताना मिश्रण बिघडते, त्यामुळे त्या निकालांवर फार विसंबू नये, असे उत्तर मिळाले. ते उत्तर तत्त्वतः बरोबर आहे आणि माझ्याकडे त्यावर प्रत्युत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला वजनांचा मुद्दा ठामपणे मांडायला हवा होता. फॉर्मवर ‘संभाव्य कारण : मानवी चूक’ असा एक रकाना असतो, त्याकडे माझे सतत लक्ष जात होते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या ज्येष्ठ ऑपरेटर काकांचेही जात असावे.

४ एप्रिलला दुसरी बॅच घेतली. दहा, पंधरा आणि वीस मिनिटांनी प्रत्येकी दहा नमुने घेतले. आरएसडी अनुक्रमे २.१, १.४ आणि १.५ टक्के आली. पंधरा मिनिटांनंतर मिश्रणात काही सुधारणा होत नव्हती. गोळ्या काढल्या तर विसाव्या ठिकाणची सरासरी ११४.८. हा निकाल ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आला. दोनशे किलो माल आता लाल लेबल लावून क्वारंटाइनमध्ये पडला होता आणि सणाच्या दिवशी घरी गुढी उभारतानाही माझ्या डोक्यात तोच आलेख होता.

सुट्टीनंतर मी पावडरच्या वाहण्याची मोजमापे पुन्हा काढली. सैल घनता ०.५२ आणि ठोकून बसवलेली घनता ०.६६ ग्रॅम प्रति मिलिलिटर. यावरून कार निर्देशांक २१ टक्के आणि हाउसनर गुणोत्तर १.२७ येते, ढिगाचा कोन ३९ अंश होता. फार्माकोपियाच्या तक्त्यात पहिले दोन आकडे ‘चालण्याजोगे’ आणि तिसरा ‘ठीक’ या ओळीत बसतो. या आकड्यांवरून पावडर मशीनमध्ये उतरेल की नाही हे कळते. उतरताना तिचे घटक एकमेकांची साथ सोडतील की नाही हे कळत नाही. उलट ओल्या रेतीसारखी चिकटून राहणारी पावडर वाईट वाहते पण सहसा वेगळी होत नाही, आणि मोकळी वाहणारी पावडर सहज वेगळी होते. वाहणे सुधारावे म्हणून आपण जे जे करतो त्याची ही दुसरी बाजू शिकवताना कोणी सांगत नाही, निदान मला कोणी सांगितली नव्हती.

मार्ग दाखवला तो चाळण्यांनी. मशीन थांबल्यावर फीड फ्रेममध्ये, म्हणजे साच्यांत पावडर भरणाऱ्या भागात, थोडी पावडर उरते आणि ती सफाईत निघून जाते. काकांनी दोन्ही बॅचच्या वेळी ती पिशवीत भरून, तारीख घालून ठेवली होती. का, असे विचारल्यावर म्हणाले, ‘मॅडम, नवी मशीन आहे, टाकवंना म्हणून ठेवली.’ बॅचच्या सुरुवातीची आणि ही शेवटची पावडर मी १०० आणि २०० नंबरच्या चाळण्यांवर चाळली, म्हणजे १५० आणि ७५ मायक्रॉनवर, आणि चाळलेल्या प्रत्येक भागातील औषध वेगळे मोजून घेतले. प्रयोगशाळेवर हा जास्तीचा भार होता. त्यासाठी वेगळा विनंती अर्ज, त्यावर तीन सह्या आणि सहा दिवस लागले. पण कोणाला एकच चाचणी करायला परवानगी मिळणार असेल तर हीच मागावी असे मी सांगेन. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक चुऱ्यात औषधाचे प्रमाण अपेक्षेच्या १९० टक्के होते, मधल्या भागात ८५ टक्के आणि १५० मायक्रॉनच्या वर राहिलेल्या जाड भागात फक्त ४८ टक्के. आमचे औषध बारीक दळलेले, तर डायकॅल्शियम फॉस्फेट जाड दाण्यांचे, त्यामुळे हे अपेक्षितच होते. सुरुवातीच्या पावडरमध्ये बारीक, मधला आणि जाड भाग २७, ३८ आणि ३५ टक्के होता. शेवटच्या पावडरमध्ये ३९, ३३ आणि २८. मी कागदावर गुणाकार केला. सुरुवातीच्या पावडरसाठी उत्तर १००.४ आले आणि शेवटच्या पावडरसाठी ११५.६. प्रत्यक्ष गोळ्यांमध्ये ११६.२ सापडले होते. तो कागद मी २० एप्रिलला मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि मिसळण्याच्या वेळेची चर्चा तिथे संपली. चांगले मिसळलेले मिश्रण बिन सोडल्यानंतर कुठेतरी मोडत होते.

कुठे, हे शोधायचे तर पावडर किती तऱ्हांनी वेगळी होते हे आधी समजून घ्यावे लागते. ज्याने घरी सूप पाहिले आहे त्याला यातले बरेचसे ठाऊक असते. सूप हलवत घोळले की बारीक कण जाड दाण्यांच्या फटींतून खाली सरकतात. बिन ट्रॉलीवरून खडबडत नेताना किंवा ढीग ओतताना हेच घडते. पाखडताना हवेच्या झोताने हलके ते वर राहते. ढिगाच्या उतारावरून जाड दाणे घरंगळत कडेला जातात. प्रत्येक तऱ्हेची खूण वेगळी असते. बिन नेताना हादऱ्यांनी बारीक चुरा तळाशी गेला असता तर आमच्या पहिल्या गोळ्या जास्त भरायला हव्या होत्या. त्या तर किंचित कमी होत्या. जास्त भरलेल्या गोळ्या शेवटी येत होत्या, म्हणजे बारीक चुरा वर चढत होता. चुऱ्याला वर नेणारी हवाच असू शकते.

हे पाहण्यासाठी तिसरा, केवळ चाचणीचा शंभर किलोचा लॉट हवा होता. त्याची मंजुरी २९ एप्रिलपर्यंत लांबली, कारण त्याच सुमारास ओओएसची तीस कामकाजी दिवसांची मुदत संपत होती आणि मुदतवाढीचा अर्ज, त्याचे समर्थन आणि अंतरिम अहवाल हे सगळे लिहिण्यात माझे चार दिवस गेले. (मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या आधी जावा, नंतर गेला तर तेच एक नवे डेव्हिएशन होते.) ४ मे रोजी आम्ही नळीवरच्या काचेच्या खिडकीपाशी टॉर्च घेऊन उभे राहिलो. वरची झडप उघडताच पावडर रिकाम्या नळीतून धबधब्यासारखी कोसळली. काही क्षणांत काच पांढरी झाली आणि वर, बिनमध्ये, पावडरच्या पृष्ठभागावर उकळत्या पिठल्यासारखे बुडबुडे फुटताना मला दिसले.

हिशेब साधा होता, तो आधी कोणी केला नव्हता इतकेच. नळीत सुमारे ५६ लिटर हवा बसते. ती भरायला जवळपास २९ किलो पावडर लागते. खाली हॉपर आणि मशीन बंदिस्त, त्यामुळे ही हवा बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे वरच्या बिनमधील पावडरमधून. जाताना ती बारीक कण आपल्याबरोबर नेऊन पृष्ठभागावर सोडते. शिवाय बिनच्या झाकणावरचा श्वसनमार्ग साफसफाईनंतर टोपण घालून बंद ठेवलेला होता. पावडर खाली गेली की बिनमध्ये हवा कमी पडणार आणि ती खालूनच ओढली जाणार. पाहुण्यांना दाखवायला सुंदर असलेली आमची बंदिस्त रचना हवेला वाट न देण्याइतकी बंदिस्त होती.

आधी आमच्या सल्लागारांनी एक सूचना केली होती की बिनचा उतार वाढवून सगळी पावडर एकसंध खाली सरकेल असे करा. हा विचार अँड्र्यू जेनिके यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतील यूटा विद्यापीठात खनिजांच्या कोठारांसाठी बसवलेल्या गणितातून येतो आणि औषध उद्योगातही तोच वापरतात. कोठाराच्या भिंती पुरेशा उभ्या व गुळगुळीत असतील तर सारा माल एकत्र सरकतो. नसतील तर मधोमध एक नळ पडून तेवढाच माल उतरतो आणि कडेचा मागे राहतो. आम्ही पावडर शिअर सेल चाचणीसाठी, म्हणजे पावडरचे थर एकमेकांवर किती सहज सरकतात हे मोजण्यासाठी, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. २२ एप्रिलला पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल १० मे रोजी आला आणि जीएसटी धरून २५,९६० रुपये लागले. अहवालाप्रमाणे आमच्या बिनमध्ये माल आधीपासूनच एकसंध सरकत होता. म्हणूनच वरचा थर शेवटपर्यंत वरच राहून शेवटी मशीनमध्ये येत होता. एकसंध सरकण्याने आडवे पडलेले भेद भरून निघतात, वर-खाली पडलेले थर तसेच राहतात. पैसे मात्र वाया गेले नाहीत. पावडर अडकून कमान धरू नये यासाठी किमान ६२ मिलिमीटरचे तोंड हवे असेही त्याच अहवालात होते, आणि त्यामुळे नळी १५० ऐवजी १०० मिलिमीटरची करण्याचे धाडस आम्हाला करता आले.

चाचणी लॉटवर आम्ही दर वेळी पाच लाख गोळ्या काढल्या नाहीत. नळीच्या खालच्या तोंडातून पावडर वीस पिशव्यांत घेतली, फक्त चाळून बारीक चुऱ्याचे प्रमाण पाहिले, आणि सगळे बिनमध्ये परत टाकून पुन्हा मिसळले. मॅग्नेशियम स्टिअरेट असे वारंवार फिरवले की गोळी मऊ पडते आणि उशिरा विरघळते, त्यामुळे हा लॉट गोळ्यांसाठी वापरायचा नाही हे आधीच लिहून ठेवले. नळीत काहीही न बदलता शेवटच्या पिशवीत ३८ टक्के बारीक चुरा आला. माझी पहिली कल्पना झडप पाव भाग उघडून नळी हळूहळू भरण्याची होती. तसे केले तर आकडा ४१ वर गेला. मी चकित झाले आणि मग स्वतःवरच हसले. जालना जिल्ह्यातील आमच्या गावी खळ्यावर उपणणी करताना वडील वावडीवर उभे राहून पाटीतून धार मुद्दाम बारीक सोडत, म्हणजे वाऱ्याला भूस वेगळे करता येते. मी नळीत नेमके तेच करत होते. झडप पूर्ण उघडून, हॉपरच्या झाकणाला गाळणीची पिशवी असलेला व्हेंट जोडून आणि बिनचा श्वसनमार्ग मोकळा ठेवून पाहिले तेव्हा आकडा ३२ वर आला.

१३ मे रोजी चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा अर्ज, दाखल केला. अभियांत्रिकी, उत्पादन, क्यूए, पर्यावरण व सुरक्षा अशा सह्या होत तो ५ जूनला मंजूर झाला. सर्वांत जास्त वेळ सुरक्षा विभागाने घेतला, कारण व्हेंटमधून औषधाची धूळ खोलीत येणार नाही याचा पुरावा त्यांना हवा होता आणि ते रास्तच होते. सूत्र बदलावे, जाड फॉस्फेटऐवजी बारीक घ्यावे किंवा ओले दाणे बांधावेत असेही पर्याय चर्चेत आले. पण त्यासाठी नव्याने स्थिरता अभ्यास, म्हणजे ४० अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रतेवर महिनोन्महिने थांबणे आले असते. नळी, व्हेंट आणि बसवणी मिळून १,६२,००० रुपये लागले. २२ जूनला नव्या नळीसह चाचणी घेतली. आता रिकाम्या नळीत सुमारे १३ किलोच पावडर कोसळत होती आणि शेवटच्या पिशवीतला आकडा २८ होता, म्हणजे सुरुवातीच्या जवळपास.

आणखी एक बदल कागदावर लहान दिसतो. बॅच संपत आली की नळीला रबरी हातोडीने ठोकून चिकटलेली पावडर पाडण्याची प्रथा होती. भिंतीला चिकटलेला चुरा म्हणजे बारीक चुराच, आणि तो नेमका शेवटच्या गोळ्यांत जात होता. एसओपीमधून, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीतून, हातोडी काढली आणि हॉपरवर एक खूण केली. पावडर त्या खुणेखाली गेली की मशीन थांबवून उरलेली नाकारायची. यात दर बॅचला सुमारे दोन किलो माल जातो. उत्पादन विभागाला तो डोळ्यांत खुपतो, आणि यिल्डच्या, म्हणजे हाती आलेल्या उत्पादनाच्या, रकान्याखाली त्याचे कारण दर वेळी लिहावे लागते.

जुलैत २, ९ आणि १५ तारखेला तीन व्हॅलिडेशन बॅच झाल्या. विसाव्या ठिकाणची सरासरी १०२.९, १०१.७ आणि १०३.३. २६ जुलैला डेव्हिएशन बंद झाले. मूळ कारणाच्या रकान्यात ‘नळी भरताना विस्थापित हवेमुळे बारीक कणांचे पृथक्करण’ असे लिहिले गेले आणि मानवी चुकीचा रकाना रिकामा राहिला. ते पान मी काकांना दाखवले. नाकारलेल्या दोन बॅचची विल्हेवाट घातक कचरा म्हणून लावायची असते. त्यासाठी नमुना १० मधील मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा वाहतुकीचे नोंदपत्र, भरावे लागते, वजन गोळ्यांचे आणि उरलेल्या पावडरचे वेगवेगळे लिहावे लागते, आणि आमचे पहिले मॅनिफेस्ट दोन्ही एकत्र लिहिल्यामुळे परत आले.

त्यानंतर सुधारणा टिकते का हे पाहण्यासाठी पुढच्या दहा बॅचवर नजर ठेवायची होती. पाच बॅच सुरळीत गेल्या. सहाव्या, १८ सप्टेंबरच्या बॅचमध्ये विसाव्या ठिकाणची सरासरी १०७.४ आली. मर्यादेच्या आत, पण माझ्या पोटात गोळा आला. व्हेंटची पिशवी काढली तर ती आतून घट्ट बुजलेली होती. आम्ही ती काही ठरावीक बॅचनंतर बदलायचे ठरवले होते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तिने तेवढा दम धरला नाही. आता पिशवी प्रत्येक बॅचला बदलतात, जुनी पिशवी बीएमआरला, म्हणजे बॅचच्या नोंदपुस्तिकेला, टाचलेल्या पाकिटात राहते, आणि पुढच्या चार बॅच १०३ च्या वर गेल्या नाहीत. २८ नोव्हेंबरला मॅडमनी सही करून फाइल माझ्याकडे सरकवली आणि त्याच टेबलावर नव्या विभागात हलवायच्या पुढच्या गोळीचे कागद ठेवले. तिच्यात औषध एक मिलिग्रॅम आहे.